लाजऱ्याची हजेरी

लांबूच्या डाव्या पायात अखेर कार्यालयाचं कडं बसलं आणि त्यावर चार आकडी क्रमांक होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे शेवटाची उगाच धास्ती नको. आता ते विसरून जा. कडं बसलं नाही, क्रमांकही नाही. लांबूचे दोन्ही पाय मोकळे आहेत आणि त्या सकाळी तो खोपटाच्या दारात बसून त्यातल्या एकावरची जळू मीठ लावून काढत होता.

त्याची बायको आतल्या बाजूला चटई विणत होती. तिला सगळे ठेंगी म्हणत, कारण ती नवऱ्याच्या कोपरापर्यंत यायची. सासू कोपऱ्यात पाणकणसाची पाती चिरत होती आणि दर तिसऱ्या पातीला सुनेच्या वीणकामाला नावं ठेवत होती. घर तिघांचं आणि तिघांचंही पोट समोरच्या दलदलीवर. तिथे माणसापेक्षा उंच पाणकणीस उगवायचं. लांबू ते कापून आणायचा, बायका चटया विणायच्या.

तेवढ्यात कार्यालयाचा शिपाई आला आणि त्यानं दाराला एक कागद चिकटवला. दार उघडं होतं, दारात लांबू बसला होता, पण शिपायानं हात लांब करून, लांबूच्या डोक्यावरून कागद चिकटवला.

"हातात दिला असता तर?" लांबू म्हणाला.

"दारावर चिकटवणे, असं लिहिलंय."

"वाचून तरी दाखवा."

"मला चिकटवायला पाठवलंय," शिपाई म्हणाला आणि गेला.

ठेंगी सातवीपर्यंत शिकलेली. तिनं स्टुलावर चढून कागद वाचला. सदर दलदल रिकामी असल्याने ती माती टाकून भरून घेण्यात येईल. मात्र तत्पूर्वी ती खरोखरच रिकामी आहे काय, याची तीन दिवस पाहणी होईल. जांभळा बगळा राहत असल्याचे आढळल्यास जागा रिकामी समजली जाणार नाही.

"आणि आपण राहतो ते?" सासूनं विचारलं.

"आपलं नाव नाही यात."

"तुझ्या सासऱ्यालाही चाळीस वर्षांत कुणी माणसात मोजलं नाही," सासू म्हणाली, "पण त्यासाठी कागद नव्हता काढला कुणी."

दलदलीच्या पलीकडच्या टोकाला पंधरा दिवसांपासून मातीचे ट्रक येत होते. ते रस्त्यासाठी असतील, असं तिनं स्वतःला सांगून ठेवलं होतं. आता ट्रकचा आवाज आला की तिच्या हातातली पाती घसरायला लागली.

पाहणीला आलेला माणूस तिशीचा, बारीक, जाड चष्म्याचा. त्याच्याकडे तीन पायांची दुर्बीण होती, एक वही होती आणि एक सर्दी होती. त्याला घरात पक्षीसाहेब हे नाव पडलं. त्यानं खोपटासमोर खोकं उलटं घालून त्यावर दोन चित्रं मांडली.

"बाई, नीट बघून सांगा. हा राखी बगळा. हा जांभळा. इथे यातला कोण दिसतो? चुकीची माहिती दिली तर शिक्षा आहे, ते खाली लिहिलंय. भिऊ नका."

ठेंगी आधी भीत होती, आता जास्त भ्यायला लागली. खरं तर दोघांनाही ती लग्नापासून ओळखत होती. घरात पहिल्याला उघड्या म्हणत आणि दुसऱ्याला लाजऱ्या. उघड्या कुठेही उभा राहायचा, उथळ पाण्यात, गटाराकाठी, मासळीवालीच्या पाटीमागे, भर उन्हात. पांढरी मान, राखी अंग, तोंडावर जराही शरम नाही. लाजऱ्याची गोष्ट वेगळी. तो अंगानं बारीक, मान सापासारखी, तांबूस, तिच्यावरून काळी रेघ खाली उतरलेली. दाट पाणकणीस असेल तरच तो यायचा. पाती वाकवून त्यांचा माचा करायचा आणि त्यावर त्याची बायको अंडी घालायची. कापणीच्या वेळी लांबू एक कोपरा तसाच सोडून द्यायचा, कारण त्याच्या बापानं सोडला होता. का सोडला, ते बापानं सांगितलं नव्हतं आणि लांबूनं विचारलं नव्हतं.

"हा," ठेंगीनं जांभळ्यावर बोट ठेवलं. "दर वर्षी येतो. त्या कोपऱ्यात."

"यंदा?"

यंदा तो आला नव्हता. ट्रक सुरू झाले आणि तो आलाच नाही.

"येईल," लांबू मागून म्हणाला.

"मला येईल असं लिहिता येत नाही," पक्षीसाहेब म्हणाला. "आला, असंच लिहावं लागतं." मग नाक पुसून, वहीकडे बघत, तो जरा हळू बोलला, "माझीही नेमणूक पक्षी असेल तोवरच आहे."

पहिल्या दिवशी तो पहाटेपासून बांधावर बसला. बांध ओलांडून पाण्यात उतरायला त्याला मनाई होती, कारण त्यानं पक्षी बिचकला असता. दुपारपर्यंत त्याला तीन पाणकोंबड्या आणि एक प्लास्टिकची खुर्ची दिसली. खुर्चीवर त्यानं पाऊण तास नजर ठेवली. वहीत शून्य पडलं.

दुसऱ्या दिवशी उघड्या आला. तो सरळ खोपटाच्या छपरावर येऊन बसला, पक्षीसाहेबाकडे बघून त्यानं शेपटी उचलली आणि कार्यालयाच्या कागदावर, दारावरून खाली येणारा एक लांब पांढरा ओघळ सोडला.

"राखी, एक," पक्षीसाहेबानं लिहिलं. "याचा उपयोग नाही. हा कुठेही जगतो."

"आम्हाला नाही जमत तसं," सासू म्हणाली.

त्या दिवशी ठेंगीला जेवण गेलं नाही. तिला आपण चार ठिकाणी कामाला उभी असल्याची चित्रं दिसायला लागली. चारही ठिकाणी तिला कुणीतरी विचारत होतं, काय येतं तुला? आणि तिला पाणकणसाशिवाय काही येत नव्हतं. ओलं पातं बोटांना कसं लागतं, कुठलं चिरतं, कुठलं तुटतं, हे तिला डोळे मिटून कळायचं. तिच्या दोन्ही तर्जन्यांवर खाचा पडल्या होत्या. त्या खाचा घेऊन दुसरीकडे कुठे जायचं, हे तिला कळेना.

"आई," ती सासूला म्हणाली, "भरून टाकलं तर?"

"तर मी या कोपऱ्यातच बसेन. माती टाकणाऱ्यानं माझ्या बाजूनं टाकावी."

तिसऱ्या सकाळी धुकं होतं. लांबू नेहमीसारखा कापायला उतरला, कारण पाणी गुडघ्यावर होतं आणि आठवडाभरात ते चढलं असतं. थंडीमुळे त्यानं आईचा जुना, विटक्या वांगी रंगाचा स्वेटर चढवला. डोक्याला काळं फडकं बांधलं, त्याची दोन टोकं मागे लोंबत होती.

पाणकणीस कापायची त्यांच्या घरची एक रीत होती. कापलेल्या दांड्याचा बुडखा पाण्याखाली खिळ्यासारखा उभा राहतो आणि त्यावर पाय पडला तर तो तळव्यातून वर येतो. लांबूच्या बापाचा असाच पाय गेला होता. म्हणून एक कापला की स्थिर उभं राहायचं. चिखल खाली बसेपर्यंत हलायचं नाही, खोकायचं नाही, मान पुढे काढून पाण्यात बघत राहायचं. तळ दिसला की झटकन वाकून विळा घालायचा, आणि पुन्हा सरळ. लांबू दिवसभर हेच करायचा.

ठेंगी चहाचा पेला घेऊन बांधावर गेली तेव्हा पक्षीसाहेबाचा डोळा दुर्बिणीला चिकटला होता.

"बाई," तो कुजबुजला. "बोलू नका. आला."

तिनं पाहिलं. धुक्यात, पाणकणसाच्या कडेला, कमरेवरचा तेवढा भाग दिसत होता. वांगी अंग, पुढे काढलेली लांब मान, डोक्यामागे दोन काळ्या झिपऱ्या. तो स्थिर उभा होता. मग झटकन खाली वाकला आणि पुन्हा सरळ झाला.

"मिळालं त्याला काहीतरी," पक्षीसाहेब म्हणाला. "तोच ना हा? दर वर्षीचा?"

खोटं बोललं तर शिक्षा होती, हे तिच्या डोळ्यांपुढे छापलेलं होतं. खरं बोललं तर माती होती.

"हा इथे रोज असतो," ती म्हणाली.

"राहतो कुठे?"

"इथेच. काठाला."

"जोडीदार आहे?"

"आहे एक."

"खातो काय?"

"दिलं ते."

त्यानं सगळं लिहून घेतलं. "घरटं?"

तिला बोट कुठे दाखवावं कळेना. ते आपोआप खोपटाकडे गेलं. पक्षीसाहेबानं चष्मा काढला, पुसला, खोपटाकडे बराच वेळ पाहिलं आणि लिहिलं, "काठावर, सुक्या पात्यांचं, उतरतं." पाण्यातून खोकल्याची उबळ ऐकू आली.

"ओरडतो तो असाच," पक्षीसाहेब म्हणाला, "घोगरा." आणि वही सहीसाठी पुढे केली. ठेंगीनं सही केली. तिचं अक्षर इतकं हललं होतं की ते तिलाच ओळखू आलं नाही.

पंधरा दिवसांनी शिपायानं दुसरा कागद चिकटवला. दलदल भरण्याचं काम थांबवण्यात येत आहे. ट्रक खरंच थांबले. सासूनं पहिल्यांदाच सुनेच्या चटईला बरी आहे म्हटलं. मग ठेंगीनं कागदाचा खालचा भाग वाचला. पक्ष्याचं ठिकाण असल्याने पाण्यात माणसांना उतरण्यास व कापणीस मनाई. दर मंगळवारी सकाळी पक्ष्याची पाहणी होईल. सलग दोनदा न दिसल्यास आदेश रद्द.

लांबूनं तिला तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला.

"म्हणजे मी उतरायचं नाही," तो म्हणाला.

"हो."

"आणि दर मंगळवारी उतरायचंच."

"हो."

"बाकीचे दिवस आपण काय विणायचं?"

त्याचं उत्तर मंगळवारी मिळालं. माणसाला कापायला मनाई होती. बगळ्याला कुणी विचारलं नव्हतं. लांबू उजाडता पाण्यात उभा राहायचा, पाहणी संपेपर्यंत उभा राहायचा आणि वाकता वाकता एका मंगळवारी आठवड्याचं कापून घ्यायचा. कापलेलं पाण्यातच पाडून ठेवायचं. माध्यान्हीला पक्षीसाहेब गेला की तिघांनी मिळून भारे ओढून काढायचे.

हे ऐकायला सोपं आहे. पाणी दर आठवड्याला चढत होतं आणि गार होत होतं. लांबूचे पाय पांढरे पडले, बोटांच्या बेचक्यात भेगा गेल्या. घरी आला की त्याला तासभर नीट बोलता यायचं नाही. सासू त्याच्या तळव्यांना तेल चोळायची.

"पिसं फुटताहेत का बघ," ती सुनेला म्हणायची. दोघी हसायच्या. मग ठेंगीचं हसू एकदम थांबायचं, कारण मंगळवार सोडून इतर दिवशीही लांबू आता दारात एका पायावर उभा राहायला लागला होता. दुसरा पाय दुखतो, असं तो म्हणायचा.

तिला सगळ्याचीच भीती वाटायची. धुकं पडलं नाही तर काय, याची. शिपायाची, त्याच्या सायकलच्या घंटीची, लांबूच्या खोकल्याची. बांधावर चहा घेऊन जाताना तिला वाटायचं, आज हा दुर्बिणीतून डोळा काढेल आणि माझ्याकडे बघेल. पण तो दुर्बिणीतच बघायचा. एकदा तो आपणहून म्हणाला, "बाई, त्या पक्ष्याला खोकला फार झालाय. जरा काढा-बिढा द्यायची सोय असती तर बरं झालं असतं." आणि जाताना बांधावर एक औषधाची बाटली विसरला. त्याची सर्दी तर केव्हाच गेली होती.

सातव्या मंगळवारी लांबूला उठता येईना. अंग तापलं होतं, उभं केलं की गुडघे वाकत. मागच्या मंगळवारी धुकं इतकं होतं की पक्षी दिसलाच नव्हता. आज दिसला नाही तर दोनदा होणार होतं.

"मी जाते," सासू म्हणाली.

"आई, तुम्हाला पाण्यात धरून ठेवायला मला यावं लागेल."

ठेंगीनं स्वेटर चढवला. तो तिच्या गुडघ्यापर्यंत आला. काळं फडकं बांधलं आणि ती उतरली. लांबूच्या मांडीला लागणारं पाणी तिच्या कमरेवर चढलं. थंडीनं तिचा श्वास छातीतच अडकला. पायाखाली कुठे बुडखे आहेत ते तिला माहीत नव्हतं. तिनं पाऊल टाकलं की चिखल उठायचा, मग ती थांबायची, तळ दिसायची वाट बघायची. तेव्हा तिला कळलं की नवरा दर मंगळवारी काय बघत होता. हिरवट पाणी, त्यात आपलं हलणारं तोंड, आणि त्याखाली शेकडो टोकदार बुडखे. ती रडली, पण स्थिर राहून रडली.

दुपारी बांधावर एक चिठ्ठी दगडाखाली ठेवलेली सापडली. वहीतल्या नोंदीची प्रत होती. "आज प्रौढ पक्षी दिसला नाही. एक पिल्लू दिसले. आखूड मान, बुजरे. जोडीची वीण यशस्वी झाली आहे."

"बघ," सासू म्हणाली, "दहा वर्षं लोक विचारत होते, मूल कधी. कार्यालयानं लावून दिलं."

वीण यशस्वी झाल्यानं कार्यालयात आनंद झाला असावा, कारण पुढचा कागद शिपायानं धावत येऊन चिकटवला. पक्ष्याच्या पायात ओळखीचं कडं घालण्यात येणार होतं. मोठे साहेब स्वतः बांधावरून बघणार होते.

कडं बसलं नाही असं सुरुवातीला ठरलेलं आहे. तरी ते बसलं ते असं.

लांबू तापातून उठला होता आणि हाडं मोजून घ्यावीत इतका वाळला होता. बगळ्यासाठी ते बरंच होतं. ठेंगी बांधावर मोठ्या साहेबांच्या मागे उभी राहिली, हातात दोन चहा. मोठे साहेब जाडजूड होते आणि दुर्बिणीतून बघायची त्यांना सवय नव्हती. ते उलट्या बाजूनं बघत होते. पक्षीसाहेब पायजमा वर दुमडून, खांद्याला पिशवी लावून पाण्यात उतरला. तो आज पहिल्यांदाच बांध ओलांडत होता. एक पाऊल टाकून तो थांबला, चिखल बसू दिला, तळ बघितला, मग दुसरं टाकलं. ही रीत त्याला कुणी शिकवली नव्हती. त्यानं ती आठ आठवडे बघितली होती.

तो लांबूच्या समोर जाऊन पोचला. दोघांच्या तोंडात हातभर अंतर. ठेंगीला वाटलं, आता संपलं.

पक्षीसाहेबानं त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. खाली वाकून त्यानं पिशवीतून कडं काढलं. बगळ्याच्या पायाचं कडं माणसाच्या अंगठीएवढंही नसतं. हे चांगलं घोट्याच्या मापाचं होतं, आतून कडा घासून गुळगुळीत केलेलं, रुतू नये म्हणून.

"डावा," तो हळूच म्हणाला.

लांबूनं डावा पाय उचलला.

कड्याची खटकी बसली त्याच क्षणी सोडलेल्या कोपऱ्यातून घोगरा आवाज आला. पाणकणीस हललं आणि त्यातून तो उठला. बारीक, तांबूस मान, तिच्यावरून उतरलेली काळी रेघ, जड संथ पंख. त्याच्यामागे दुसरा. लाजऱ्या आणि त्याची बायको, उशिरानं का होईना, ट्रक थांबल्यावर आपल्या जागी आलेले. ज्याच्यासाठी ठेंगीनं तीन दिवस जीव मुठीत धरला होता तो डोक्यावरून गेला. आता साहेब त्याला बघतील, मग लांबूला बघतील, आणि मग दोघांत फरक करतील.

"ते काय उडालं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

पक्षीसाहेब पाण्यातूनच म्हणाला, "दुसरं काहीतरी, साहेब. यादीत नाही. या जागेची जोडी आणि पिल्लू मिळून तीन भरलेत."

"मग ते इथे कसं?"

"हुसकून लावतो," पक्षीसाहेब म्हणाला, आणि त्यानं हात वर केला, पण हुसकल्यासारखा नाही.

मोठे साहेब चहा पिऊन गेले. लाजऱ्या दोनदा वर फिरला आणि पुन्हा कोपऱ्यात उतरला. पाती वाकवल्याचा आवाज आला. माचा होत होता. लांबू अजून पाण्यातच उभा होता, डावा पाय वर धरून. ठेंगीनं बांधावरून खूण केली, या आता, गेले ते. तो आला नाही. तिनं त्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि आजूबाजूला कुणी ऐकेल म्हणून मिटलं.

शेवटी ती पाण्यात उतरून त्याला हाताला धरून घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी तिनं स्टुलावर चढून दारावरचे तिन्ही कागद खाली काढले, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला आता न हलणाऱ्या अक्षरात अर्ज लिहिला, आणि कार्यालयात कुणी हातात घेईना म्हणून कार्यालयाच्या दाराला चिकटवून आली.

प्रति,
मा. मोठे साहेब, पाणथळ व पक्षी कार्यालय.

विषय: यादीत अदलाबदल करून मिळणेबाबत.

महोदय,
अर्जदार ही आपल्या नोंदीतील पिल्लू असून, क्रमांकाचा प्रौढ पक्षी हा अर्जदाराचा नवरा आहे. त्यास पाण्यात उभे राहून ताप येतो व तो अलीकडे घरीही फारसा बोलत नाही. सोडलेल्या कोपऱ्यात सध्या दोन जण विनानोंद राहत असून त्यांनी माचा बांधण्यास घेतला आहे. त्यांस यादीत आमच्या जागी घ्यावे. आमच्या घरट्यास घर म्हणावे. दलदल आहे तशी ठेवावी, व तीत आठवड्यातून सहा दिवस माणूस म्हणून उतरण्याची परवानगी द्यावी. पाहणीस येणाऱ्या साहेबांची नेमणूक कायम करावी, कारण त्यांना चांगले दिसते. नवऱ्याच्या पायातील कडे काढून द्यावे. ते जमत नसल्यास, मंगळवार सोडून इतर दिवशी तो माणूस आहे असे त्यावर कोरून द्यावे, ही नम्र विनंती.

सोबत: दारावरील कागद तीन, पांढऱ्या ओघळासह.